चाळीस नंबरची शिवराई

“ही मखमल आधी काढ. मला नाणं दाखवायचंय, अंगठी नाही,” देशमाने सर म्हणाले.

मखमल आहे हे त्यांनी हात फिरवून ओळखलं होतं. मी ती समोरच्या सराफाकडून दोनदा मिनतवाऱ्या करून आणलेली, त्यामुळे मला रागच आला. पण सरांनी मला आठवीला भूगोल शिकवला होता, आणि आमच्या बार्शीत एकदा सर झालेला माणूस मरेपर्यंत सरच राहतो.

“काळ्यावर उठून दिसेल की, सर.”

“काढून बघ एक फोटो.”

मी काढला. शिवराई तांब्याची, शेकडो हातांतून फिरून काळपट पडलेली. काळ्या मखमलीवर ती कुठं सुरू होते आणि कुठं संपते तेच कळेना.

“दिसतंय?”

“नाही.”

“मग?”

मग पांढरा कागद घेतला. त्यावर नाणं जळकं दिसलं. मग लाल कापड घेतलं आणि मला ते भलतंच आवडलं. तांब्यावर लाली चढली, नाणं कालच टांकसाळीतून आल्यासारखं दिसायला लागलं. मी म्हटलं, “सर, एकदम नवंकोरं दिसतंय.”

“म्हणजे खोटं दिसतंय. बदल.”

शेवटी मी चप्पल पायात सरकवून मॅचिंग सेंटरला गेले आणि ब्लाउजच्या अस्तराचं राखाडी कापड अर्धा मीटर घेऊन आले. ते पसरलं, मधे एक खोडरबर ठेवलं आणि त्यावर नाणं. उंचावर ठेवल्यानं त्याची सावली कापडावर पडायची थांबली. टेबललॅम्पच्या तोंडाला बटरपेपर बांधला. आता जे दिसलं ते नाणंच होतं, ना जास्त ना कमी. मी तसं सांगितल्यावर सरांनी पहिल्यांदा मान डोलावली.

ही दोन हजार तेराची गोष्ट. वडील गेल्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ माझ्या गळ्यात पडला, तेव्हाच नेमके लोकांच्या हातात मोबाइल आले. लग्नाला मामेभाऊ फोटो काढायला लागले. माझ्याकडं उरले पासपोर्ट साइज आणि हळदीच्या अंगानं येणाऱ्या नवऱ्या. त्यामुळे सर एका दुपारी काकूंचा हात धरून आले आणि “नाण्यांचे फोटो काढशील का? इंटरनेटवर विकायचीत,” म्हणाले, तेव्हा मी नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

सरांनी ही साठ नाणी चाळीस वर्षांत जमवली होती, तीही कुठून, तर तांबटाच्या मोडीतून. लोक फुटक्या घागरी, चेपलेली पातेली आणून टाकायचे, त्यात आज्ज्यांच्या गाठोड्यातल्या शिवराया किलोवर यायच्या आणि भट्टीत जायच्या. सर दर शनिवारी शाळा सुटली की तांबटाकडं पोत्यापाशी फतकल मारून बसायचे आणि एकेक नाणं वेचून काढायचे. पोरं त्यांना ‘भंगारसर’ म्हणायची. मीही म्हणत होते.

आता त्यांना काचबिंदू झाला होता. एक डोळा गेलेला, दुसऱ्यानं नळीतून बघितल्यासारखं थोडं दिसायचं, तेही किती दिवस ते डॉक्टर सांगत नव्हते. त्यात साखरेचा आजार जुना.

“जे मला दिसत नाही ते माझ्या कपाटात कशाला?” ते म्हणाले. “ज्याला वाचता येतं त्याच्या घरी जाऊ दे. फक्त एक सांभाळ, हेमा. चाळीस वर्षांत देशमान्यांच्या नाण्याला कुणी खोटं म्हटलेलं नाही. आता फोटो तू काढणार, साइटवर तूच टाकणार, मला काही तपासता येणार नाही. माझं नाव तुझ्या हातात आहे.”

“काळजी करू नका, सर.”

“मी करणार. तू काम कर.”

पहिल्या दिवशी ते स्वतः शेजारी बसले. लॅम्प कुठं ठेवायचा ते त्यांनीच ठरवलं. दिव्यापुढं हाताची मागची बाजू धरायचे, ऊब कुठून येते ते बघायचे आणि म्हणायचे, “थोडा वर घे. उजेड नाण्याच्या डोक्याकडून यायला हवा. पायाकडून आला तर वर आलेली अक्षरं खोल गेल्यासारखी दिसतात.” मी मुद्दाम उलटा लावून बघितला. खरंच तसं दिसत होतं. वीस वर्षं फोटो काढत होते मी, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझी गंमत म्हणून मी त्यांच्या तळहातावर एक नाणं ठेवलं. “ही कुठली, सर?”

त्यांनी ते उलटलं, अंगठ्याचं नख त्याच्यावरून हळूच ओढलं. “ही दुदांडी. मागच्या बाजूला मधोमध दोन आडव्या रेघा असतात, त्या नखाला लागतात. नंतरच्या काळातली.” दुसरं दिलं. “ही जुनी. हिला रेघा नाहीत, कडेनं ठिपके आहेत.” प्रत्येक नाण्याला नंबर घातलेलं पाकीट होतं, मी त्यावरचं बघितलं. दोन्ही बरोबर होती. पंधरा-वीस दिली, एकही चुकलं नाही. मला मात्र डोळे असून साठच्या साठ सारख्याच दिसत होत्या.

“आणि एक नियम,” उठताना सर म्हणाले. “नाणं हातात घेतलं की पुढचा फोटो, मागचा फोटो, मगच ते पाकिटात. एकाचं काम संपल्याशिवाय दुसऱ्याला शिवायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सरांना डोळ्यांसाठी सोलापूरला जायचं होतं. मी एकटी होते, आणि एकटं माणूस असलं की त्याला अक्कल सुचते. मला दिसलं की पुढच्या बाजूला लॅम्प उंच लागतो, मागची बाजू जास्त झिजलेली म्हणून तिथं तो खाली आणावा लागतो. म्हणजे दर नाण्याला दोनदा लॅम्प हलवा, दोनदा फोकस करा. मी म्हटलं, हा कुठला शहाणपणा? आधी साठांच्या पुढच्या बाजू उरकू, मग लॅम्प एकदाच खाली घेऊन साठांच्या मागच्या. काम निम्म्या वेळात होईल.

आणि झालं की! अकरापर्यंत पुढच्या बाजू संपल्या. मागच्या घ्यायला लागले. चाळीसावं नाणं खोडरबरावर ठेवलं आणि लाइट गेली. तेवढ्यात एक नवरी आली, हळद लागलेली, बरोबर दोन करवल्या. उन्हात बाहेर उभं करून त्यांचे फोटो काढायचे होते. दुकानात लोक म्हणून मी ते नाणं पटकन पाकिटात घातलं, पाकीट झालेल्यांच्या ढिगावर टाकलं आणि कपाटाला कुलूप लावलं. तासाभरानं लाइट आली. कपाट उघडलं, पुढचं पाकीट घेतलं. एक्केचाळीस.

शनिवारी मी नाणी सरांच्या घरी परत पोचवली आणि कॉम्प्युटरवर जोड्या लावल्या. पुढचा पहिला, मागचा पहिला. पुढचा दुसरा, मागचा दुसरा. अशा चाळीस जोड्या रविवारी साइटवर चढवल्या. पुढच्या वीस नंतर टाकायच्या होत्या.

रविवारी रात्रीपर्यंत काही नाही. सोमवारी सकाळी माझा मोबाइल जो वाजायला लागला, तो थांबेचना. नाणेवाल्या लोकांच्या ग्रुपवर गहजब उडाला होता. चाळीस नंबरची शिवराई पुढून जुनी आणि मागून दुदांडी! असं नाणं कुणी पाहिलं नव्हतं, कुणी ऐकलं नव्हतं. टांकसाळीत जुना ठसा आणि नवा ठसा एकत्र वापरला गेला असणार, असं एक जण म्हणाला. दुसऱ्यानं त्यावर पानभर लिहिलं. बोली वर वर चढायला लागल्या. मला तर आनंदच झाला. म्हटलं, बघा, राखाडी अस्तराची करामत!

संध्याकाळी मी पेढे घेऊन उपळाई रोडला सरांच्या घरी गेले. तिथं आधीच चार माणसं बसली होती. जुने शिक्षक, एक पत्रकार, गल्लीतले कुणी. सर खुर्चीत बसले होते, हातात तेच नाणं. अंगठा त्याच्यावरून पुढं-मागं फिरत होता. सगळे बोलत होते, सर काही बोलत नव्हते.

“भंगारातनं सोनं काढलं सरांनी!” कुणीतरी म्हणालं.

सर म्हणाले, “तांबं आहे ते.”

काकूंनी मला आत बोलावलं. “अगं, इंदूरचे कुणी भुसारी म्हणून आहेत, मोठे जाणकार. गुरुवारी स्वतः नाणं बघायला येतायत. त्यांचा फोन मीच घेतला. पण हे बघ ना, सकाळपासून जेवले नाहीत धड. आनंदानंसुद्धा भूक मरते वाटतं.”

मलाही तसंच वाटलं.

मंगळवारी दुपारी मी उरलेल्या वीस जोड्या लावायला बसले. एकोणीस लागल्या. साठाव्या नाण्याची पुढची बाजू उरली आणि तिला मागची बाजूच नव्हती.

मी परत पहिल्यापासून सगळे मागचे फोटो मोठे करून बघितले. एकोणचाळिसापर्यंत अस्तराचं कापड स्वच्छ होतं. चाळिसाव्या फोटोपासून पुढं उजव्या कोपऱ्यात पिवळं बोट उमटलेलं होतं. हळदीचं. त्या नवरीनं पैसे देताना टेबलावर हात टेकला होता. म्हणजे चाळिसावा म्हणून मी जो लावला, तो लाइट आल्यानंतर काढलेला होता. तो एक्केचाळिसाचा होता. चाळिसाची मागची बाजू मी काढलीच नव्हती.

इंदूरहून माणूस येत होता ते नाणं बघायला. ते जगात नव्हतंच.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि बसून राहिले. पहिला विचार आला तो सांगते, खोटं कशाला बोलू? मनात आलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. फोटो गुपचूप बदलावा, साइटवर काहीतरी गडबड झाली म्हणून हात वर करावेत. पण दोन दिवसांत देशभरच्या लोकांनी तो फोटो उतरवून घेतला होता. आता बदलला तर उलट दिसणार, देशमान्यांनी दोन नाण्यांचे फोटो जोडून खोटं नाणं उभं केलं आणि पकडले जाणार म्हणून मागं घेतलं. सरांनी माझ्या हातात एकच गोष्ट दिली होती, आणि मी ती घालवली होती. मला रडू आलं. शिवाय हेही मनात होतं की ह्याच कामामुळे आणखी दोघं नाणेवाले माझ्याकडं येणार होते. ते आता कशाला येतील?

आणि मग आणखी एक विचार आला, तो त्याहून वाईट होता. सरांची बोटं. पंधरा-वीस नाण्यांत एकदाही न चुकलेली बोटं. सोमवारी संध्याकाळी तेच नाणं त्यांच्या हातात होतं, तोच अंगठा त्याच्यावरून फिरत होता. त्यांना कळलं नसेल? कळलं असणारच. मग गप्प का बसले? मला वाटलं, माणूसच आहे शेवटी. जन्मभर ‘भंगारसर’ ऐकलं, आता पेपरात फोटो येणार, इंदूरहून माणूस येणार. कुणाला नको असतं? मी माझ्या मनात सरांना पार खाली उतरवून ठेवलं. खरं सांगायचं तर त्यानं मला थोडं बरंही वाटलं. त्यांनाही झाकायचं असेल, तर माझ्या एकटीच्या माथी येणार नव्हतं.

बुधवारी सकाळी मी गेले. गुरुवारी भुसारी येणार, म्हणजे हातात तेवढाच दिवस होता.

सर एकटेच बाहेरच्या खोलीत होते. समोर बिनसाखरेचा चहा गार होऊन साय धरलेला. नाणं हातातच.

“कोण, हेमा?”

“हो, सर.”

“बस.”

मी बसले नाही. म्हटलं, बसले तर बोलणं होणार नाही. “सर, चाळीस नंबरचा मागचा फोटो चुकीचा आहे. तो एक्केचाळिसाचा लागलाय. चूक माझी आहे. तुम्ही सांगितलं होतं एका नाण्याचं काम संपल्याशिवाय दुसऱ्याला शिवू नको, मी ते ऐकलं नाही. आधी सगळ्या पुढच्या बाजू काढल्या, मग मागच्या. मधे लाइट गेली आणि एक नाणं सुटलं. ते नाणं दुर्मिळ-बिर्मिळ काही नाही, सर. साधी जुनी शिवराई आहे.”

सरांचा अंगठा थांबला.

“परत सांग.”

मी परत सांगितलं. हळदीच्या बोटापर्यंत सगळं.

“म्हणजे,” ते अगदी हळू म्हणाले, “ह्याच्या मागं दोन रेघा नाहीत?”

“नाहीत, सर.”

“नीट बघ. हे घे. तुझे डोळे चांगले आहेत. एक जरी असली तरी सांग.”

मी खिडकीपाशी जाऊन नाणं उजेडात तिरपं धरलं, त्यांनीच शिकवलं होतं तसं. “एकही नाही. कडेनं ठिपके आहेत नुसते.”

सरांनी हात पुढं केला. मी नाणं परत दिलं. त्यांनी अंगठ्याचं नख त्याच्यावरून ओढलं, एकदा, दोनदा. तेव्हा मला त्यांचा अंगठा दिसला. नखाची कड झिजून वाकडी झाली होती, बाजूची कातडी सोलवटली होती, आणि आत तांब्याचा काळा मळ भरलेला.

“सोमवारपासून हेच करतोय मी,” सर म्हणाले. “रात्रीसुद्धा. सगळं जग म्हणतंय दोन रेघा आहेत. एवढी मोठमोठी माणसं, डोळ्यांनी बघून म्हणतायत. आणि माझ्या नखाला काही लागत नाही. डॉक्टरांनी मागंच सांगितलं होतं, साखरेनं पुढं बोटं बधिर होतील. मला वाटलं, झालं. डोळे गेले ते गेलेच, आता ही पण गेली.”

मी चहाचा कप बाजूला सरकवला.

“कुणाला सांगणार? हिला सांगितलं असतं तर ही रडत बसली असती. लोक पेढे घेऊन येतायत, त्यांना काय सांगू, मला माझंच नाणं ओळखू येत नाही म्हणून?”

ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. एकदा त्या दिसणाऱ्या डोळ्यातून, एकदा न दिसणाऱ्या. आतून काकू धावत आल्या.

“काय झालं हो? हेमा, काय झालं?”

“काही झालं नाही,” सर म्हणाले. “ते नाणं साधं आहे! अगदी साधं आहे! चहा टाक आधी, हा गार झाला. आणि काल रात्रीची भाकरी असली तर दे.”

मी तिथंच खाली बसले. मी ह्या माणसाला कालपासून मनात कुठं नेऊन बसवलं होतं, ते मात्र त्यांना सांगितलं नाही. आजही ते कुणाला सांगितलेलं नाही, हे पहिल्यांदा.

मग सरांनी मजकूर सांगितला आणि मी मोबाइलवर टाइप केला. ‘नाणं क्रमांक चाळीस. मागच्या बाजूचा फोटो चुकून दुसऱ्या नाण्याचा लागला. हे नाणं साधं आहे. सर्वांची क्षमा मागतो. विरुपाक्ष देशमाने.’

“सर, चूक माझी आहे. माझं नाव घाला.”

“नाणं कुणाचं आहे?”

“तुमचं.”

“मग नाव माझंच राहील. पाठव.”

ग्रुपवर दिवसभर शिव्याशाप झाले. एक जण म्हणाला हा कटच होता. पानभर लिहिणाऱ्यानं आपलं पान पुसून टाकलं. भुसारींचं तिकीट काढलेलं होतं म्हणून ते गुरुवारी आलेच, घुश्शातच आले. सरांनी त्यांच्यापुढं चाळीस आणि एक्केचाळीस अशी दोन्ही नाणी ठेवली आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. भुसारींनी दोन्ही नाणी भिंगातून बघितली, माझ्याकडं बघितलं, मी बरोबर नेलेल्या अस्तरावरचं पिवळं बोटही बघितलं. जाताना त्यांनी बाकीच्यांतल्या अठरा शिवराया विकत नेल्या. ग्रुपवर त्यांनी एकच ओळ लिहिली, की देशमान्यांकडची नाणी मी हातात घेऊन बघितली आहेत. त्यानंतर कुणी तोंड उघडलं नाही.

चाळीस नंबरची मात्र सरांनी विकली नाही.

पण तिचा मागचा फोटो काढायचा राहिलाच होता, आणि सर अर्धवट काम ठेवणाऱ्यांतले नव्हते. शनिवारी ते काकूंना घेऊन स्टुडिओत आले. मी राखाडी अस्तर पसरलं, खोडरबर ठेवलं, नाणं पालथं ठेवलं. सरांनी दिव्यापुढं हात धरला.

“थोडा खाली. अजून. हां, राहू दे.”

मी बटण दाबलं आणि फोटो मोठा करून बघितला. कडेनं ठिपके, मधे दोन ओळींत अक्षरं, त्यांच्यामधली जागा सपाट.

“आला का?”

“आला, सर.”

“रेघा?”

“नाहीत.”

“बघ,” सर काकूंकडं वळून म्हणाले, “मी म्हणत नव्हतो?”

त्या तीन दिवसांत ते कुणालाच काही म्हणाले नव्हते. पण काकू म्हणाल्या, “म्हणत होता हो,” आणि त्यांनी पर्समधून बँड-एडची पट्टी काढून त्यांच्या अंगठ्याला लावली.